टोरांटोचं हाय पार्क : तीस वर्षं रंकाळ्यावर फिरलेल्या माणसाचं तिथे बारा महिने जमेल का?

रंकाळावेसकर (२१ ऑगस्ट)

नमस्कार लोकहो. पहिल्यांदाच धागा काढतोय, एरवी नुसता वाचनमात्र असतो, चुकीच्या विभागात पडला असेल तर अॅडमिनने उचलून योग्य जागी टाकावा.

तर विषय असा की आईबाबा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरहून येतायत, सुपर व्हिसा आहे आणि यावेळी थेट जूनअखेरपर्यंत राहणार आहेत. मागच्या खेपेला दोन महिने आले होते तेव्हा बाबा पार वैतागून गेले होते. त्यांचं एकच वाक्य, "तुमच्यात सगळं हाय रे, पण जायाला कुठं न्हाई." आता हा माणूस गेली तीस वर्षं पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर जातो, संध्यामठाच्या बाजूने एक चक्कर, मग कट्ट्यावर ठरलेली चार टाळकी, चहा, पेपर, सगळ्या राजकारण्यांचा उद्धार आणि घरी. पाऊस असो काही असो, खाडा नाही. आणि मी त्यांना इथे काय दाखवलं तर मॉल आणि सीएन टॉवर.

आम्ही इटोबिकोमध्ये इस्लिंग्टन स्टेशनजवळ कॉन्डोत राहतो. ऑफिसातले सगळे म्हणतात हाय पार्क जवळ आहे तिथे ने. मी स्वतः एकदाच गेलोय, चेरी ब्लॉसमच्या वेळी, आणि अंबाबाईच्या नवरात्रात एवढी गर्दी नसते एवढंच लक्षात राहिलं. म्हणून विचारतो :

ते ठिकाण नुसतं वर्षातून एकदा फोटो काढायचं आहे की रोज-एक दिवसाआड जाण्यासारखं आहे? बाबा ७१, ठणठणीत. आई ६६, डावा गुडघा कुरकुरतो, चढ नको. गाडी मी ऑफिसला नेणार म्हणजे त्यांना आपापलं जाता आलं पाहिजे. जानेवारी-फेब्रुवारीत म्हातारी माणसं तिथे खरंच फिरतात का? आणि आईने कुठेतरी कोल्ह्यांचा व्हिडिओ बघितलाय, तर जनावरांचं काय ते पण सांगा म्हणजे मी तिला वाचून दाखवतो.

हंबरकाठचा (२१ ऑगस्ट)

योग्य दारात आलात. मी गेली एकोणीस वर्षं त्या पार्कापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतोय, त्यामुळे प्रतिसाद लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी पोचायचं कसं. इस्लिंग्टनहून सबवे पकडली की रॉयल यॉर्क, ओल्ड मिल, जेन, रनिमीड आणि पाचवं हाय पार्क. गाडी बदलायची नाही काही नाही. स्टेशनातून बाहेर पडलं की ब्लूर रस्ता ओलांडायचा, समोर पार्क. दोघंही ६५ च्या पुढचे म्हणजे सीनियरचं तिकीट, प्रेस्टो कार्डावर (इथलं प्रवासाचं कार्ड) ती सवलत एकदा लावून घ्या. पहिले दोन-तीन वेळा सोबत जा, नंतर बाबा तुम्हालाच रस्ता सांगतील.

पण एक लक्षात ठेवा, ब्लूरकडून आत शिरलात तर तळं खाली आहे आणि तुम्ही वर. नावातच हाय आहे. जाताना उताराने मजेत जाल आणि येताना आईंचा गुडघा तुमच्या नावाने बोटं मोडेल. म्हणून आईंना न्यायचं असेल त्या दिवशी दक्षिणेकडून क्वीन्सवेच्या बाजूने शिरा, ५०१ ची स्ट्रीटकार (ट्राम) तिथून जाते (रस्त्याची कामं निघाली की तिचा मार्ग बदलतो, फोनवर बघून निघा). त्या टोकाला ग्रेनेडियर पाँडच्या कडेची वाट जवळपास सपाट आहे, बाकडी आहेत, आणि तळ्याचा सगळ्यात छान भाग तोच. रंकाळ्यासारखी पाण्याला धरून पूर्ण प्रदक्षिणा मात्र होत नाही हे आधीच सांगतो, पश्चिमेच्या काठावर वर लोकांची घरं आहेत. पूर्वेच्या काठाने जायचं आणि त्याच वाटेने परत.

आता ते तळं तळं का आहे ते बाबांना सांगा, आवडेल. ती मुळात ओंटारिओ लेकचीच एक खाडी होती, लाटांनी वाळूचा बांध घातला आणि आतलं पाणी आतच राहिलं. आजही तळ्याच्या दक्षिण टोकापासून मोठा लेक म्हणजे हाकेच्या अंतरावर आहे, मध्ये रस्ता, रेल्वे आणि हायवे आडवे आलेत एवढंच. कोलबोर्न लॉज ड्राइव्ह त्यांच्या खालून जातो, तिकडून चालत गेलं की सनीसाइडचा किनारा. तिथे उभं राहिलं की पलीकडचा काठ दिसत नाही. माझ्या सासऱ्यांनी पाणी ओंजळीत घेऊन चाखून बघितलं होतं खारट आहे का ते.

नावाची गोष्ट इथले लोक रंगवून सांगतात की १८१३ च्या अमेरिकेबरोबरच्या लढाईत ग्रेनेडियर नावाच्या ब्रिटिश पलटणीचे सैनिक बर्फावरून पळताना तळ्यात बुडाले. दंतकथा आहे. ते सैनिक इथे मासे धरायला यायचे म्हणून ते नाव पडलं असं इतिहासवाले म्हणतात. सांगायला पहिली बरी, खरी दुसरी.

आणि हे सगळं फुकट का आहे, तर जॉन हॉवर्ड नावाचा आर्किटेक्ट होता, त्याने १८३६ मध्ये इथे १६५ एकर घेतली, टेकडीवर घर बांधलं (तेच कोलबोर्न लॉज, आता म्युझियम आहे) आणि १८७३ मध्ये जमीन शहराला देऊन टाकली, लोकांसाठी ती कायम फुकट आणि खुली राहिली पाहिजे या अटीवर. दारू चालणार नाही ही पण एक अट होती. नवराबायको दोघांची कबर घरासमोरच आहे आणि तिचं लोखंडी कुंपण लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचं, आणताना जहाज सेंट लॉरेन्स नदीत बुडालं होतं, ते पाण्यातून काढून आणलं. आज पार्क सगळं मिळून १६१ हेक्टर म्हणजे चारशे एकराच्या आसपास आहे आणि त्यातला तिसरा हिस्सा तरी अजून जंगलच आहे.

हिवाळ्याचं नंतर लिहितो, बायको हाक मारतेय.

वाचनमात्र_२

मॉलमध्येच न्या. फेब्रुवारीत कळेल.

खारूची आई (२२ ऑगस्ट)

वरच्या काकांनी इतिहास सांगितलाच आहे, मी जनावरांचं सांगते कारण माझ्या दोन पोरांनी तो झू घासून गुळगुळीत केलाय.

डियर पेन रोडवर छोटासा प्राणीसंग्रहालय आहे, १८९३ मध्ये हरणं ठेवली तेव्हापासूनचा. तिकीट नाही, वर्षभर उघडा असतो. बायसन, लामा, मोर, इमू, केसाळ हायलंड गायी वगैरे. तुम्ही कोल्हापूरचे म्हणजे दाजीपूरचे गवे बघितले असणारच, तुमच्या बाबांना बायसनसमोर उभं करा आणि मग बघा. माझ्या वडिलांनी अर्धा तास उभं राहून "हा गवा नव्हे, गव्याला एवढी दाढी नसते" असं तिथल्या एका अनोळखी कॅनेडियन आजोबांना मराठीत समजावून सांगितलं होतं, आणि ते आजोबा मान हलवत होते!!

आणि कॅपिबारा. म्हणजे जगातला सगळ्यात मोठा उंदीर म्हणा, घूस असते ना तिला डुकराएवढी करून शांत स्वभाव दिला तर जे होईल ते. २०१६ च्या मे महिन्यात नवी जोडी आणली तीच पळाली. सगळं शहर महिनाभर त्यांच्या मागे, पेपरवाल्यांनी त्यांची नावं बॉनी आणि क्लाइड ठेवली. एक जूनच्या मध्यावर सापडला, दुसरा महिनाअखेरीला. पुढच्या फेब्रुवारीत पिल्लं झाली, तीन. तेव्हा माझी मोठी पोटात होती आणि नवरा मला रोज संध्याकाळी "चल कॅपिबारा शोधू" म्हणून फिरायला काढायचा, त्यामुळे मला त्या उंदरांबद्दल खास जिव्हाळा आहे.

नातवंडं असतील तर जेमी बेलचं लाकडी किल्ल्यासारखं खेळाचं मैदान. २०१२ मध्ये आगीत जळलं होतं, लोकांनी स्वतः येऊन हातोडे मारून परत उभं केलं.

कोल्ह्याचं आईंना सांगा की लाल कोल्हा दिसला तर नशीब समजा, तो आपल्याला बघूनच पळतो. कायोटी (लांडग्याच्या जातीतलं पण त्याच्याहून लहान जनावर) आहेत ते खरं आहे. दिसला तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, हात वर करून मोठ्याने ओरडायचं. कोल्हापूरच्या बाईला ओरडणं काही अवघड जाऊ नये :)

घारीमागे (२२ ऑगस्ट)

सप्टेंबरमध्ये येतायत म्हणजे मुहूर्त साधलाय. पार्काच्या मधोमध ग्रेनेडियर कॅफे आहे, त्याच्या उत्तरेला एक उघडी टेकडी आहे, तिला हॉक हिल म्हणतात. १ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर तिथे पक्षीवाले लोक घड्याळ लावल्यासारखे येऊन बसतात आणि दक्षिणेला निघालेल्या घारी, ससाणे, गरुड मोजतात. खुर्च्या, थर्मास, दुर्बिणी, आणि दिवसभर आकाशाकडे माना. कोणीही जाऊन बसावं, ते लोक हौसेने दाखवतात.

इथेच का, तर हे मोठे पंख पसरणारे पक्षी गरम हवेच्या झोतावर चढत चढत जातात, पंख मारत नाहीत. पाण्यावर तसा झोत मिळत नाही. म्हणून उत्तरेकडून येता येता ओंटारिओ लेक समोर आला की ते पाणी ओलांडत नाहीत, काठाकाठाने पश्चिमेला सरकतात, आणि त्या काठावर हाय पार्क. सप्टेंबरच्या मध्यावर उत्तर-पश्चिमेचा वारा सुटला की रुंदपंखी हॉक येतात, एकेका भोवऱ्यात शेकड्यांनी. मान दुखते पण खाली बघवत नाही.

ऑक्टोबरात टर्की व्हल्चर. हे मुद्दाम सांगतोय कारण माझे वडील सांगलीचे, लहानपणी मेलेल्या जनावरावर गिधाडं उतरायची ते त्यांनी बघितलेलं, आणि मग बघता बघता आपल्याकडची गिधाडं गेली, ढोरांना द्यायच्या डायक्लोफिनॅकने. २००६ मध्ये बंदी आली तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. वडील त्या टेकडीवर बसून वर बघतायत, डोक्यावर वीसेक गिधाडं पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरून डुलत चाललीत, आणि ते एकदम गप्प झाले. मी त्यांना सांगितलं की ही जात वेगळी आहे, आपल्या गिधाडांशी जवळचं नातं नाही. ते म्हणाले असू दे.

हिवाळ्यात तळं गोठलं की सनीसाइडला किंवा हंबर बे ला जा, मोठा लेक सहसा उघडाच असतो. आर्क्टिकमधली बदकं इथे "उबेला" येतात. आपल्याला दात वाजवणारी थंडी आणि त्यांना ती महाबळेश्वर. लाँगटेल्ड बदकं थव्याने पाण्यावर आणि त्यांचा तो गलका, लांबून ऐकलं तर गल्लीतली पोरं भांडतायत असं वाटतं. ट्रम्पेटर हंस पण दिसतात, पंखावर पिवळा नंबर असलेले. ओंटारिओतून ते पार नाहीसे झाले होते, १९८२ पासून परत आणायचं काम सुरू झालं.

आणखी एक. सूर्यफुलाच्या बिया तळहातावर ठेवल्या तर चिकडी नावाची चिमुकली पाखरं येऊन हातावर बसतात. वजन म्हणजे काही नाही, नुसते नखांचे टोचे कळतात. बाबांना हे एकदा दाखवाच.

हंबरकाठचा (२३ ऑगस्ट)

घारीमागे, बाकी सगळ्याला अनुमोदन पण त्या बियांचं नका सांगू हो लोकांना. २०२३ पासून टोरांटोत वन्यप्राण्यांना खायला घालायला बंदी आहे, पार्कातच नाही तर आपल्या अंगणातसुद्धा. चिकडीला कोणी दोन बिया दिल्या म्हणून आभाळ कोसळत नाही हे मला पण कळतं, पण एक बिया आणतो, दुसरा ब्रेड, तिसरा उरलेला पिझ्झा, मग रकून येतात, उंदीर होतात आणि उंदरांमागे कायोटी. तळ्यात ब्रेड कुजून पाण्याची जी घाण होते ती मी बघितलीय.

घारीमागे

मान्य. संपादन करायची मुदत गेली त्यामुळे वरचं तसंच राहणार, वाचणाऱ्यांनी शेवटचा परिच्छेद गाळून वाचावा. (जुन्या सवयी.)

बे स्ट्रीटचा भाऊ (२३ ऑगस्ट)

मी जरा वेगळं बोलतो. हाय पार्क चांगलंय पण लोक उगाच डोक्यावर घेतात. वीकेंडला माणसांचा पूर, सायकलवाले अंगावर येतात (मर्यादा २० ची आहे, पाळतं कोण), आणि एप्रिल-मेमध्ये तर विचारू नका. खरं जंगल बघायचं असेल तर लेस्ली स्पिटला जा, टॉमी थॉम्सन पार्क. शहराने पाडलेल्या इमारतींचा राडारोडा १९५० च्या दशकापासून लेकमध्ये टाकत गेले आणि त्याची पाच किलोमीटरची जीभ झाली, कोणी काही लावलं नाही, आपोआप रान उगवलं. पाणकावळ्यांची तिथली वसाहत बघा, झाडंच्या झाडं त्यांच्या विष्ठेने पांढरी. विटा, फरशा, वाकलेल्या सळया आणि त्यातून बाभळीसारखी झुडपं. कुत्रे नाहीत, गाड्या नाहीत. फक्त वीकेंडला दिवसभर उघडं असतं, इतर दिवशी ट्रकचं काम चालतं म्हणून दुपारी चारनंतर.

खारूची आई

भाऊ, ६६ वर्षांच्या गुडघेदुखीच्या बाईला पाच किलोमीटर आत आणि पाच बाहेर? सळयांमधून?

बे स्ट्रीटचा भाऊ

बरं बरं. बाबांना एकट्यांना न्या.

हंबरकाठचा (२४ ऑगस्ट)

हिवाळ्याचं राहिलं होतं. हो, म्हातारी माणसं फिरतात. वजा दहाला मला रोज एक ऐंशीच्या घरातल्या बाई भेटतात, मीच त्यांच्या मागे पडतो. थंडीला घाबरायचं कारण नाही, घसरण्याला घाबरा. बुटांवर चढवायचे खिळेवाले रबर मिळतात, दोघांना घेऊन ठेवा आणि ते घातल्याशिवाय डिसेंबर ते मार्च दाराबाहेर पाऊल नको. ताजा बर्फ बरा, पाय रुततो. आदल्या दिवशी वितळून रात्री परत गोठलेला, नुसता ओला रस्ता दिसतो तो, त्यानेच माकडहाड मोडतं. पार्कातले गाडीरस्ते आधी साफ होतात, पायवाटा उशिरा किंवा होतच नाहीत, म्हणून हिवाळ्यात रस्त्यानेच फिरायचं. वीकेंडला आत गाड्यांना बंदी असते त्यामुळे तेही निवांत. टॉयलेट हा खरा प्रश्न आहे, थंडीत पार्कातली बरीचशी बंद असतात, घरून जाऊन निघा.

गोठलेल्या तळ्यावर लोक दिसले म्हणून आपण जायचं नाही. शहराचे फलक काय म्हणतात ते आधी वाचायचं.

आणि मार्चमध्ये तळ्याकाठच्या पाणकणसात खांद्यावर लाल पट्टा असलेला काळा पक्षी "कोंकरीऽऽ" असं ओरडायला लागला की हिवाळा संपला समजा, बर्फ असला तरी. तोच पक्षी मे-जूनमध्ये घरट्याजवळून गेलं की डोक्यावर टोच मारतो. टोपी ठेवा.

रंकाळावेसकर (२६ ऑगस्ट)

लोक्स, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळं आईला वाचून दाखवलं. कोल्ह्याला ओरडायचं कळल्यावर ती निर्धास्त झालीय. बाबांनी एवढंच विचारलं की कट्टा आहे का. धन्स सगळ्यांना, आले की कळवतो.

रंकाळावेसकर (१९ ऑक्टोबर)

कळवतो म्हणालो होतो, म्हणून.

पहिल्या दिवशी मी सोबत गेलो. क्वीन्सवेच्या बाजूने. तळ्याकाठी पोचल्यावर आईने पर्समधून पुडी काढली आणि त्यात चुरमुरे. कोल्हापूरहून आणलेले. "माशांना घालायला." कस्टममध्ये कोणी विचारलं नाही हे नशीब. आता तिला २०२३ चा नियम समजावून सांगणं म्हणजे, ती म्हणते आपण रंकाळ्यावर जन्मभर घालतोय, मासे काय मेले का. शेवटी बाबाच म्हणाले, "अगं, त्यांच्या तळ्यात त्यांचा कायदा, खा तूच." मग आम्ही तिघांनी बाकावर बसून ते चुरमुरे खाल्ले आणि समोर एक हंसासारखं मोठं बदक आमच्याकडे बघत उभं होतं.

आता बाबा आठवड्यातून चारदा जातात. एकटेच. हॉक हिलवर त्यांना कट्टा सापडला. भाषेचा प्रश्न येईल असं मला वाटलं होतं पण तिथे कोणी बोलतच नाही, सगळे वर बघतात, मध्येच कोणीतरी हात करतं. एका म्हाताऱ्याने त्यांना जुनी दुर्बीण वापरायला दिलीय, ती रोज परत करायची आणि रोज परत घ्यायची असं चाललंय. परवा घरी येऊन म्हणाले, "आज एकतीस गिधाडं." घारीमागे, तुमची आठवण काढली.

मागच्या आठवड्यात पाऊस पडून गेल्यावर मध्येच ओल्ड मिलला उतरलो, वरच्या बाजूला एतिएन ब्रूले पार्कात हंबर नदीच्या बांधावर सॅमन उड्या मारतात ते बघायला. हातभर लांब मासा बांधावर आपटतो, खाली पडतो, परत उडी. एक नऊ वेळा पडला, आईने मोजलं. दहाव्यांदा गेला तेव्हा काठावरच्या सगळ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि आई म्हणाली एवढ्यासाठी एवढं, आणि तिकडे गेल्यावर अंडी घालून मरणारच ना. हो मरतो. तिला ते आवडलं नाही, परत तिकडे यायचं नाही म्हणाली.

घारीमागे

एकतीस! त्या दिवशी मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो.

रंकाळावेसकर (२ फेब्रुवारी)

वाचनमात्र_२, तुम्ही म्हणाला होतात फेब्रुवारीत कळेल. कळलं. जानेवारीत पंधरा दिवस आई घराबाहेर पडली नाही, आणि बाबा पण दोनदा अर्ध्या वाटेतून परत आले, डोळ्यातून पाणी वाहून गालावर गोठत होतं म्हणाले. मॉलमध्ये पण गेलो, कबूल. खिळेवाले रबर घातले तरी एकदा बाबा बसलेच खाली, लागलं नाही. पण वजा पाचच्या वर गेलं की निघतात. मंकी कॅपवर जॅकेटची टोपी, त्यावर आईचा मफलर, नुसते डोळे. बायसनच्या पाठीवर बर्फ साचलेला असतो आणि तो हलत पण नाही असं सांगत होते. गव्याला जमायचं नाही म्हणाले.

रंकाळावेसकर (१७ एप्रिल)

अर्जंट नाही पण कोणी सांगेल का, आज बाबांचा फोन, पार्कात आग लागलीय आणि लोक नुसते उभे राहून बघतायत, फायर ब्रिगेडला कसा फोन करायचा??

हंबरकाठचा

करू नका! लावलेली आहे. हाय पार्कातलं काळ्या ओकचं माळरान म्हणजे फार दुर्मिळ गोष्ट आहे, आणि त्याला अधूनमधून आग लागतेच. म्हणजे पूर्वी लागायची, इथले मूळ रहिवासी मुद्दाम लावायचे. आग बंद केली तर बाहेरची झुडपं माजतात, सावली होते आणि ओकची नवी रोपं उगवत नाहीत. म्हणून शहर वसंतात एक कोरडा, बेताच्या वाऱ्याचा दिवस बघून ठराविक तुकड्यांना आग लावतं, आधी जाहीर करतं. गुडघ्याच्या खालीच जळतं, सुका पाला आणि गवत. ओकची साल जाड, त्याला काही होत नाही. जून उजाडला की त्याच जागी निळी ल्युपिन फुललेली दाखवा त्यांना.

रंकाळावेसकर

सांगितलं. म्हणाले, "मग सरळ सांगा की पाचट जाळतायत." गेले परत बघायला.

खारूची आई (२९ एप्रिल)

चेरीला नेताय ना? टोकियोच्या लोकांनी १९५९ मध्ये दोन हजार झाडं दिली होती, युद्धानंतर जपानी-कॅनेडियन लोकांना शहराने सामावून घेतलं म्हणून, त्यातली ती टेकडीवरची. बहर चार ते दहा दिवस टिकतो, पाऊस आला की खल्लास. मंगळवार-बुधवार पहाटे सहाला जा, शनिवारी गेलात तर मला बोल लावायचा नाही. गाडी तर नेऊच नका, बहरात आत सोडत नाहीत.

रंकाळावेसकर (१४ जून)

शेवटचं लिहितो, पुढच्या आठवड्यात निघतायत.

चेरी बघितल्या, पहाटे सहाला. आईला आवडल्या. बाबा म्हणाले वास नाही. ल्युपिन पण बघितली. काळ्या पक्ष्याने बाबांना टोच मारली, टोपी घरी होती.

पण मुद्दाम लिहायला बसलो ते कालच्यासाठी. काल शनिवार म्हणून मी पण गेलो होतो. तळ्यावरून वर येणाऱ्या रस्त्याच्या कडेला बाबा एकदम थांबले. समोर परातीएवढं कासव. पाठ चिखलाने माखलेली, शेपटी मगरीसारखी खवल्यांची, रस्ता ओलांडून वाळूच्या बाजूला चाललं होतं, अंडी घालायला. स्नॅपिंग टर्टल. चाललं होतं म्हणजे काय, एक पाय टाकायचं आणि विचार करायचं. आणि मागून सायकली येतायत उतारावरून.

बाबांनी काय करावं, रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि दोन्ही हात पसरून ट्रॅफिक हवालदारासारखा हात केला. थांबा म्हणून. आणि थांबले लोक! त्या घट्ट कपड्यातल्या सायकलवाल्यांनी पाय टेकले, एकाने सायकल आडवी घालून दुसरी बाजू अडवली. बाबा मला म्हणतात, "कोन हाय सांग ह्ये?" मी म्हटलं कासव. "अरे रंकाळ्याचा नंदी ह्यो. गव्हाभर फुडं, तांदळाभर मागं." आपल्याकडे म्हणतात ना, तो नंदी रंकाळ्यात पोचला की जगबुडी. मी म्हटलं बाबा हे तळ्यातून बाहेर चाललंय, उलट्या दिशेने, म्हणजे जग वाचलं. तर म्हणाले, "मग घाई कशाला करतायत ही लोकं."

बावीस मिनिटं लागली. त्या हॉक हिलवाल्या म्हाताऱ्याला बाबांनी फोनवरचा फोटो दाखवला आणि दुर्बीण परत केली. त्याने घेतली नाही. कोल्हापूरला घेऊन जा म्हणाला, असं बाबांना वाटतंय, कारण दोघांची भाषा वेगळी. मी उद्या जाऊन नक्की काय म्हणाला ते विचारून येणार आहे.

हंबरकाठचा

विचारू नका. घेऊन जाऊ दे.